काटेबाईंची दुसरी पेटी

काटेबाई झोपेत घोरतात ही गोष्ट त्यांच्या नवऱ्याने अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवली. इतका सज्जन माणूस शोधून सापडायचा नाही. घरी पाहुणे मुक्कामाला असले की सकाळी उठून तोच म्हणायचा, "काल माझ्या घोरण्याने तुमची झोपमोड झाली असेल, माफ करा हं." आणि काटेबाई चहा गाळता गाळता मान खाली घालायच्या. पुरुष घोरला तर घरभर विनोद होतो आणि बाई घोरली तर तिने तोंड लपवायचं, हा न्याय कुणी केला कुणास ठाऊक. पण चालतो खरा, आणि बाईंनीही तो निमूट चालवून घेतला होता.

काटेबाई हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वजनकाटे तपासणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये त्यांनी एकतीस वर्षं काढली आणि हे नाव त्यांना तिथेच चिकटलं. कारखान्यातले, दवाखान्यातले, प्रयोगशाळेतले काटे खरं बोलतात की नाही, हे जाऊन बघायचं, हे त्यांचं काम. त्यासाठी एक राखाडी पेटी असे. तिच्यात मखमलीच्या खाचांमध्ये बसवलेली चकचकीत प्रमाण वजनं. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्याने उचलायचं. बोटाचा घाम लागला तरी वजन वाढतं. प्रवासात पेटी हातातून सोडायची नाही आणि परक्या खोलीत झोपताना उशाशी ठेवायची. शिवाय कामाच्या आदल्या संध्याकाळी ती काट्याच्या खोलीत नेऊन ठेवायची, कारण वजनांना त्या खोलीची हवा अंगी लागायला बारा तास लागतात. बाहेरून आलेलं गरम वजन थंड खोलीत सरळ खोटं बोलतं. काटेबाई याला 'वजनं मुक्कामाला टाकणं' म्हणत आणि त्यांचं ऐकून अख्खं वर्कशॉप तसंच म्हणायला लागलं.

तीन वर्षांपूर्वी एका गोदामात, भर दुपारी, मोठ्या काट्याच्या फळीवर बसून ती पुसता पुसता बाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा भोवती हमालांचं कोंडाळं आणि समोरच्या आकड्यांत बाईंचंच वजन झळकत होतं.

"बाई, बरोबर दाखवतोय का काटा?" एकाने विचारलं.

"दोनशे ग्रॅम जास्त दाखवतोय," पदर सावरत बाई म्हणाल्या. रोज सकाळी वर्कशॉपमध्ये आधी स्वतःला तोलून मग कामाला लागणारी बाई ती. काटा खरोखरच तेवढा चुकत होता. वेळ मारून नेली, पण आतून त्या पार हादरल्या होत्या. असा डोळा लागायची ती पाचवी वेळ होती.

डॉक्टरांनी एक रात्र अंगाला तारा लावून झोपवलं आणि सकाळी सांगितलं, "झोपेत तुमचा श्वास थांबतो. तासाला एकेचाळीस वेळा."

"मोजलंत कशाने?"

"यंत्राने."

"ते यंत्र शेवटचं कधी तपासून घेतलंत?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाई आपल्या ठाम. "एका वाचनावर मी कधी सही करत नाही, डॉक्टर. पुन्हा मोजा." पुन्हा मोजलं. एकोणचाळीस आले. "हां, आता पटलं," म्हणून बाई ताठ मानेने बाहेर पडल्या आणि दवाखान्याच्या जिन्यात बसून ढसाढसा रडल्या. नवरा शेजारच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "एकेचाळीस वेळा थांबतो म्हणजे एकेचाळीस वेळा परत सुरूही होतो ना? तेवढा तर माझ्या स्कूटरवरही भरवसा नाही." बाईंना रडता रडता हसू फुटलं.

मशीन घरात आलं. उशाशी एक चपटा डबा, त्याला हातभर लांब नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मास्क. रात्रभर ते हवेचा दाब देत राहतं, घसा मिटू देत नाही. पहिले चार दिवस बाईंनी त्याला मनसोक्त शिव्या दिल्या. पाचव्या दिवशी सकाळी उठल्या तेव्हा डोकं स्वच्छ होतं, आणि आपल्याला स्वप्न पडलं होतं हे त्यांना आठवत होतं. स्वप्न कसलं, तर भाजी निवडत असल्याचं. पण कित्येक वर्षांनी पडलेलं, म्हणून त्यांनी ते नवऱ्याला दोनदा सांगितलं. मशीनवर रोज सकाळी आकडा यायचा: तासाला किती वेळा श्वास अडला. दोन. कधी दीड. बाई तो कॅलेंडरवर टिपून ठेवायच्या.

वर्कशॉपमध्ये मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. कारण होतं काउंटर. ज्याची पाठ धरली, ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्याला धाकटे मालक गोड हसून सांगायचे, "आता तुम्ही आराम करा," आणि काउंटरवर बसवायचे. तिथे दिवसभर तपासलेल्या काट्यांवर स्टिकर चिकटवायचे. बाईंच्या देखत तीन चांगली माणसं त्या काउंटरवर गेली आणि तिथून परत कुणीही बाहेरच्या कामाला आलं नाही. बाईंचा जीव बाहेरच्या कामात होता. नवं गाव, नवा काटा, एकट्याने उघडलेली खोली. ते सुटलं तर उरलं काय?

म्हणून त्यांनी पेट्या बनवणाऱ्या कारागिराकडून अगदी तशीच दुसरी राखाडी पेटी करून घेतली. आत स्पंजात खाचा: मशीनची, नळीची, मास्कची, शुद्ध पाण्याच्या बाटलीची, आणि पाच मीटर वायरच्या बोर्डाची. हा बोर्ड तर प्राणापलीकडे जपायचा. कारण जगातल्या यच्चयावत पाहुणखोल्यांत प्लगची जागा ठरवणारा माणूस एकच असावा आणि त्याचा झोपेशी काडीचाही संबंध नसावा. प्लग कपाटामागे, आरशाच्या वर, एका ठिकाणी तर न्हाणीघरात. बाईंनी कपाटं सरकवली, पलंग फिरवले, पायथ्याला उशी घेऊन झोपल्या. एकदा रेल्वेत प्लगशेजारचा बर्थ मागून घेतला आणि चादर डोक्यावरून ओढून मास्क लावला. पहाटे चादर घसरली आणि समोरच्या बर्थवरची बाई अशी किंचाळली की तिकीट तपासनीस धावत आला. पण वर्कशॉपातल्या कुणाला तीन वर्षांत पत्ता लागला नाही. दोन पेट्या बघून लोक म्हणायचे, काटेबाई फार काळजी घेणाऱ्या, राखीव वजनं घेऊन फिरतात.

यंदा औषधाच्या गोळ्यांच्या कारखान्याचं काम आलं आणि धाकटे मालक म्हणाले, मीही येतो. हे धाकटे हाफपँटमध्ये असल्यापासून बाईंना मावशी म्हणायचे आणि बाई त्यांना अरे-तुरे करायच्या. ते खुर्चीत बसले त्या दिवसापासून बाईंनी अहो-जाहो सुरू केलं. बसमध्ये ते बाईंच्या शेजारी बसले. मागच्या बाकावर बाईंचा कामातला जोडीदार लंबू, दोन मुलांचा बाप, गुडघे पोटाशी घेऊन.

"मावशी, स्पष्टच बोलतो," धाकटे म्हणाले. "तुमचं वय आता..."

"छप्पन्न."

"तेच म्हणतोय. पुढच्या महिन्यापासून बाहेरच्या कामाची नवी यादी करायचीय. हे काम कसं होतं त्यावर ठरवू. एक जरी वाचन चुकलं तर..." आणि एवढं बोलून त्यांची मान छातीवर पडली. गेलं वर्षभर त्यांचं हे असंच चाललं होतं. मीटिंगमध्ये कोपर टेबलावरून घसरायचं, कॉफीवर कॉफी व्हायची. दहा मिनिटांनी ते खाडकन जागे झाले आणि म्हणाले, "...तर मग काउंटर." जणू मध्ये काही झालंच नव्हतं.

कारखान्याच्या फाटकावर आत नेण्याच्या वस्तूंची नोंदवही होती. विजेवर चालणारी प्रत्येक वस्तू वेगळी लिहायची. धाकटे मालक खांद्यावरून बघत होते. बाईंनी लिहिलं: 'प्रमाण वजनं, पेट्या दोन.' एकतीस वर्षांत नोंदवहीत त्यांनी लिहिलेलं हे पहिलं खोटं. हात कापला नाही, याचं त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं.

पाहुणखोली कारखान्याच्या आवारातच होती. बाईंनी एक पेटी टेबलावर ठेवली, एक उशाशी, आणि परवानगीचे कागद भरायला ऑफिसात गेल्या. तिथे तासभर मोडला. तेवढ्यात लंबूने आपल्या परीने शहाणपण केलं. ताईंचा वेळ वाचावा म्हणून तो त्यांच्या खोलीत गेला आणि त्याने दोन्ही पेट्या बघितल्या. वजनाची पेटी उशाशी ठेवायची, हे ताईंनीच त्याला शिकवलेलं. म्हणजे उशाशी आहे तीच खरी, टेबलावरची राखीव. त्याने उशाशीची पेटी उचलली आणि नेऊन काट्याच्या थंड खोलीत मुक्कामाला टाकली. खोलीला कुलूप लागलं, कुलपावर कागदी सील, सीलवर धाकट्यांची आणि तिथल्या तपासणी अधिकाऱ्याची सही. सकाळी आठच्या आत ते तोडायचं नाही.

साडेसहाला बाई परतल्या तेव्हा खोलीत एकच पेटी उरली होती. लंबूने वजनं नेली असतील आणि जाताना ही टेबलावर सरकवली असेल, असं समजून त्यांनी बोर्ड काढायला ती उघडली, आणि आतून चकचकीत वजनं त्यांच्याकडे बघायला लागली.

त्यांनी पेटी मिटली. लंबूला बोलावलं आणि काय झालंय ते त्याला एका दमात सांगून टाकलं. मशीनचं, नळीचं, तीन वर्षांचं, सगळं. लंबूचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, चूक माझी," तो म्हणाला. "पण एक सांगू? आज काही बोलूच नका. एक रात्र कशीबशी काढा. सकाळी सील निघालं की मी हळूच पेटी बदलतो. वजनं गरम असतील, पण किती फरक पडणार? एक-दोन मिलिग्रॅम. कुणाला कळतंय?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. एक-दोन मिलिग्रॅम. त्यावरून उद्या त्या सतरा काट्यांवर स्टिकर लावणार. मग त्या काट्यांवर औषधाची भुकटी तोलली जाणार आणि कुणाच्या तरी आजारी आईच्या हातावर ती गोळी पडणार. आणि हे सगळं कशासाठी? तर काटेबाई घोरतात हे चार लोकांना कळू नये म्हणून. बाईंना एवढा संताप आला की कानशिलं तापली. धाकट्यांचा आला, त्या काउंटरचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

"घाल रे चपला," त्या म्हणाल्या. "मला कळतंय ना. तेवढं पुरे."

भोजनगृहात धाकटे मालक, तपासणी अधिकारी, कारखान्याचे मॅनेजर आणि आणखी दोघं चहा घेत बसले होते. बाई दारातच उभ्या राहिल्या, हातात पेटी.

"सील तोडायचंय. आत्ता."

अधिकाऱ्याने भुवया चढवल्या. "फॉर्म भरावा लागेल. कारण?"

"आत वजनं नाहीत. वजनं ही इथे आहेत."

"मग आत काय आहे?"

"माझं झोपायचं मशीन," बाई म्हणाल्या. आवाज जरा जास्तच मोठा लागला, पण आता लागला तर लागला. "मी घोरते. झोपेत माझा श्वास थांबतो, तासाला चाळीस वेळा. तीन वर्षं मी ते मशीन नाकाला लावून झोपते आणि तुमच्यासारख्यांपासून लपवते. कारणाच्या रकान्यात हेच लिहा, सगळं लिहा."

टेबलापाशी कुणीतरी खुदकन हसलं.

"हसा की. पोटभर हसा," बाई म्हणाल्या, "फक्त घड्याळ बघून हसा. रात्री आठच्या आत ही पेटी मुक्कामाला पडली नाही तर उद्या तुमचा एकही काटा मी तपासणार नाही."

हसणं जागच्या जागी विरलं. सील तुटलं, कुलूप निघालं. थंड खोलीत सगळ्यांसमोर ती दुसरी पेटी उघडली गेली. स्पंजात मास्क निवांत पहुडला होता आणि शेजारी नळी वेटोळं घालून. अधिकारी वाकून बघत राहिला. बाईंनी वजनांची पेटी स्वतःच्या हाताने जागेवर ठेवली. घड्याळात साडेसात. मग त्या तडक फाटकावर गेल्या, नोंदवही मागितली, दुपारची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'प्रमाण वजनं, एक पेटी. श्वासाचं मशीन, एक पेटी.' सही ठोकली. पहारेकऱ्याने विचारलं, "श्वासाचं म्हणजे?" त्यालाही त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आता त्यांना सांगायची चटकच लागली होती.

परतताना धाकट्यांनी गाठलं. "मावशी, हे मला आधी सांगायला हवं होतंत."

"सांगितलं असतं तर काउंटरवर बसवलं असतंत."

"बसवायलाच हवं. काळजीपोटी म्हणतोय मी."

"काळजी ना? मग उद्या वाचनं बघा," बाई म्हणाल्या, आणि खोलीत जाऊन त्यांनी प्लग शोधायला कपाट सरकवलं.

सकाळी मशीनने आकडा दिला: एक पूर्णांक आठ. आठ वाजता बाईंनी हातमोजे चढवले. सतरा काटे, प्रत्येकाची तीन-तीन वाचनं, चिमटा एकदाही अडखळला नाही. दुपारी एकला त्यांनी दोन काटे बाजूला काढायला लावले. अधिकारी म्हणाला, असं कसं, मागच्या वर्षी दुसऱ्या लोकांनी तपासले तेव्हा तर बरोबर होते. बाईंनी त्याच्याच हातात चिमटा दिला आणि त्याच्याकडूनच वाचन घेतलं. तिन्ही वेळा चूक निघाली. अहवालावर सही करताना त्याने बाईंना बसायला स्वतःची खुर्ची दिली.

एवढं होऊनही परतीच्या बसमध्ये धाकटे म्हणाले, "काम उत्तम झालं, मावशी, वादच नाही. पण झोपेचा आजार असलेल्या माणसाला बाहेर पाठवायचं म्हणजे जोखीम. नियम तो नियम, सगळ्यांना सारखा. एक तारखेपासून तुम्ही..." आणि मान छातीवर.

काटेबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी रागाने पुसलं. शेजारी धाकटे तोंड उघडं टाकून घोरत होते. घोरता घोरता आवाज एकदम बंद झाला. बाईंनी मान वळवली. छाती हलेना. दहा, पंधरा, वीस... मग एक हिसका, एक मोठा फुत्कार, आणि गाडं परत सुरू.

बाईंनी पिशवीतून कामाचं स्टॉपवॉच काढलं. तपासणी अहवालाचा एक कोरा फॉर्म काढला. लंबूला मागून पुढे वाकायला सांगितलं आणि त्याच्या हातात पेन्सिल दिली. "मी बोट उचललं की एक रेघ मारायची. गाळायची नाही, वाढवायची नाही." पुरता एक तास दोघं तोंडातून शब्द न काढता काम करत होते. बस एका खड्ड्यात आदळली आणि धाकटे खाडकन जागे झाले.

"...काउंटर," ते म्हणाले.

बाईंनी फॉर्म त्यांच्या मांडीवर ठेवला. वस्तूच्या रकान्यात लिहिलं होतं: धाकटे मालक. मोजणीची वेळ: एक तास. श्वास थांबला: चौतीस वेळा. सर्वांत लांब: अडतीस सेकंद. त्याखाली, शेऱ्याच्या जागी: नियम सगळ्यांना सारखा, म्हणून काउंटरवर खुर्च्या दोन लागतील.

धाकट्यांनी तो कागद वाचला. परत वाचला. लंबूने मागे हळूच पेन्सिल खिशात दडवली.

"काहीतरीच," धाकटे शेवटी म्हणाले, पण आवाजात मालक उरला नव्हता. "एका तासावरून काय कळतं? आणि सही कुठाय तुमची यावर?"

"नाहीच आहे," काटेबाई म्हणाल्या. "एका वाचनावर मी सही करत नाही." त्यांनी स्टॉपवॉच शून्यावर आणलं आणि कित्येक वर्षांनी पुन्हा अरे-तुरे केलं. "झोप परत. अजून दोन तासांचा रस्ता आहे."

धाकटे झोपले नाहीत. कागदाची घडी घालत, उलगडत बसून राहिले. अर्ध्या तासाने म्हणाले, "यादीत तुमचं नाव आहे तसं ठेवतो."

"ते ठेवावंच लागेल."

बस बरंच अंतर चालून गेली. मग त्यांनी खाली वाकून बाईंच्या पायाशी ठेवलेल्या दुसऱ्या राखाडी पेटीकडे बघितलं आणि लंबूला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "मावशी, तो मास्क... फार टोचतो का गं?"

"पहिले चार दिवस," काटेबाई म्हणाल्या, चांगल्या मोठ्याने, आणि पेटी उचलून त्यांनी त्याच्या मांडीवर ठेवली.